गांजाचा मुद्दा घेऊन महापालिकेला उभा राहिलो

"हे नगरसेवकाच्या हातात आहे का?" प्रचारात दारोदार हाच प्रश्न आला. कोणी खरंच समजून घ्यायला विचारला, कोणी मला गप्प करायला. उत्तर सगळ्यांना एकच दिलं: नाही. गांजाचा कायदा १९८५ साली संसदेनं केला, बदलायचा तर संसदच बदलेल. त्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्यातली एक ओळही नागपूर महापालिकेची सर्वसाधारण सभा हलवू शकत नाही. तरीही जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीत मी उत्तर नागपुरातल्या एका प्रभागातून अपक्ष उभा राहिलो आणि पत्रकावर सगळ्यात वर छापलं: 'गांजा ओढणाऱ्यावर खटला नको, उपचार द्या. विक्रीला परवाना आणि वयाची अट लावून कायदेशीर करा.' का, ते नीट मांडायला प्रचारात कुणाच्या दारात दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. म्हणून इथं लिहितो आहे.

मी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिंग करतो. पूर्वी खटखट मशीन होती, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, जामिनाचे अर्ज, जे येईल ते. वकील तोंडी सांगतात, मी टाइप करतो. इतकी वर्षं लोकांची प्रकरणं बोटांखालून गेली, की कलम ऐकलं तरी समोरचं पोरगं कोणत्या वस्तीतलं असेल याचा अंदाज येतो. कलम २७, म्हणजे नशा करताना सापडल्याचं कलम म्हटलं, की पत्ता बहुतेक माझ्याच भागातला असतो. नाल्याच्या काठावर नाहीतर रेल्वे लायनीजवळ चिलीम ओढताना सापडलेला. सिव्हिल लाइन्स किंवा धरमपेठेचा पत्ता या कलमाखाली मी क्वचितच टाइप केला, आणि तिथं कोणी ओढत नाही असं नागपुरात कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

कायदा थोडक्यात असा. एक किलोपर्यंतचा गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण', वीस किलोच्या वर 'व्यावसायिक प्रमाण'. अल्प प्रमाण जवळ सापडलं तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता ओढताना सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा तेवढाच दंड, किंवा दोन्ही. वाचायला ही शिक्षा फार वाटत नाही. पण खरी शिक्षा निकालाआधीच होऊन जाते. आधी जामीनदार शोधा. ज्याच्या नावावर घर आहे, टॅक्सची पावती आहे, असा माणूस भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या नात्यात कुठून येणार? मग तारखा. माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा सीए रिपोर्ट आला नाही, पुढची तारीख. पंच हजर नाही, पुढची तारीख. सेंट्रिंगच्या कामावर जाणाऱ्याची प्रत्येक तारखेला रोजी बुडते, आणि दोन-तीन वेळा गैरहजर राहिला की ठेकेदार दुसरा माणूस घेतो.

आणि पोलीस भरती. आमच्याकडे पहाटे अंधारात रस्त्यानं धावणारी पोट्टे कोणीही पाहिली असतील. त्यातला एक मला ओळखीचा होता. वीस वर्षांचा, बाप रंगकामाला जाणारा. मित्रांसोबत बसला होता, पुडी त्याच्या खिशात निघाली. पुढं भरतीचं तर सोडाच, मिहान या उद्योग क्षेत्रातल्या एका ठेकेदाराकडे सफाईच्या कामालाही चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला गेला. प्रलंबित गुन्हा त्यात दिसतोच. त्याचा अर्ज मीच टाइप केला. त्याची आई टेबलाजवळ उभी राहून मला म्हणाली, "लिहा ना जी चांगलं काही." चांगलं लिहिण्यासाठी त्या अर्जात जागाच नसते.

या मुलाचं आयुष्य गांजानं खराब केलं की केसनं? मी केसनं म्हणतो, आणि याच उत्तरासाठी निवडणूक लढलो.

आता त्याच झाडाची दुसरी बाजू पाहा. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंडे नसतील तर पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांची भांग एनडीपीएसच्या बाहेर राहिली. ती राज्यांच्या अखत्यारीत, आणि महाराष्ट्रात तिला जुन्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याची अट आहे. महाशिवरात्रीला घोटलेली भांग कुठं कुठं मिळते, हे शहराला ठाऊक असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालय आणि एम्सचं देशभरातल्या व्यसनांचं सर्वेक्षण आलं. त्यात वर्षभरात भांग घेतलेले लोक अंदाजे २.२ कोटी आणि गांजा-चरस घेतलेले १.३ कोटी निघाले. एकाच झाडाची पानं आणि शेंडे. पानं घेणारा घरी जातो, शेंडे घेणारा कोठडीत. २०२१ मध्ये त्याच मंत्रालयानं स्वतःपुरतं अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला गुन्हेगार न ठरवता उपचाराकडे पाठवावं अशी शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. मी ते कात्रण लॅमिनेट करून प्रचारात सोबत ठेवलं होतं. 'हे मी एकटाच म्हणत नाही' हे दाखवायला त्याचा फार उपयोग झाला.

एका जुन्या वकीलसाहेबांनी मला १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनबद्दल, म्हणजे गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाबद्दल सांगितलं. इंग्रज सरकारनं देशभर हजाराच्या वर साक्षी घेऊन सात खंडांचा अहवाल केला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं, आणि मध्य प्रांतातल्या साक्षीही त्यात आहेत. या प्रांतात गांजाची शेती सरकारी देखरेखीखाली निमाड जिल्ह्यात, खंडव्याकडे व्हायची. म्हणजे परवाना, गोदाम, कर हे सगळं आपल्या भागात एकदा होऊन गेलेलं आहे. मला त्यातलं वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 'गांजामुळे वेड लागलं' असे आकडे तेव्हा दरवर्षी निघत. कमिशननं एकेक प्रकरण उघडून पाहिलं, तर कितीतरी ठिकाणी कारणाच्या रकान्यात 'गांजा' हे माणसाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या सांगण्यावरून भरलेलं निघालं. चौकशी कोणी केलेलीच नव्हती. कमिशनचा निष्कर्ष असा, की माफक सेवनानं फार नुकसान दिसत नाही, अतिसेवनानं होतं, आणि सरसकट बंदी योग्य नाही. कर आणि परवान्यानं ताबा ठेवावा. रकाने भरणं हा माझा रोजचा धंदा आहे. घाईत भरलेला एक रकाना माणसाला जन्मभर पुरतो, हे मी पाहतोच.

तरी महापालिकेतच का? याचं उत्तर मला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात सापडलं. २००५ मध्ये तिथल्या शहरी मतदारांनी मतदान करून ठरवलं, की एकवीस वर्षांवरच्या माणसाकडे एक औंसापर्यंत, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, गांजा असला तर शहराच्या नियमाप्रमाणे गुन्हा नाही. राज्याचा कायदा तसाच होता, त्यामुळे पोलीस त्या कायद्याखाली कारवाई करतच राहिले. कागदावर त्या मताला काही जोर नव्हता. पण सात वर्षांनी, २०१२ मध्ये, सगळ्या कोलोराडो राज्यानं मतदान करून गांजा कायदेशीर केला. शहरानं आधी बोलून दाखवलं होतं, म्हणून राज्याला तो विषय नवा राहिला नाही. आपल्याकडे असं जनमत घेण्याची सोय नाही. मग उरते ती निवडणूक, आणि सभागृहात मांडायचा ठराव.

अर्ज भरताना प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, हे सगळं मी दुसऱ्यांसाठी कित्येकदा केलेलं, त्यामुळे त्यात अडचण आली नाही. अडचण पत्रक छापताना आली. प्रेसवाल्याचं नाव आणि प्रतींची संख्या पत्रकावर छापावीच लागते. तो मजकूर वाचून म्हणाला, "भाऊ, माह्यं नाव खाली टाकाल तं मलेच बोलावतीन ना." मी त्याच्यासमोर एकेक ओळ वाचली. कायदा बदला म्हणणं आणि कायदा मोडा म्हणणं, यात फरक आहे. पहिलं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, निवडणुकीत तर आहेच. तो तयार झाला, पण पानाचं चित्र टाकायचं नाही या अटीवर. ते मलाही नकोच होतं. काही तरुण पोरं हिरव्या पानाचे टी-शर्ट घालून रॅली काढू म्हणत आली होती, त्यांना मी नाही म्हटलं. ज्या घरात पोरगं बिघडलं आहे, त्या घराच्या दारात तो टी-शर्ट घालून कोणी उभं राहिलेलं मला चाललं नसतं.

चार सदस्यांच्या प्रभागात अपक्षाचं काम किती अवघड असतं, ते बाहेरच्याला कळत नाही. मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात. पक्षांची पॅनेल 'चारही बटणं आमची' असं सांगत फिरतात. मला समजवावं लागे, की बाकी तीन कोणालाही द्या, फक्त 'ड' मध्ये कपबशी पाहा. निम्मा वेळ यातच जायचा. दुसऱ्या बाजूचे लोक मागून येऊन सांगायचे, 'तो गांजावाला येऊन गेला का?' मी त्यावर कधी भांडलो नाही. तेच ऐकून बाया मला थांबवून विचारायच्या, आणि मला बोलायला मिळायचं.

एका गल्लीत एक बाई पत्रक हातात घेऊन दाराशी बसल्या होत्या. पूर्ण वाचलेलं दिसत होतं. म्हणाल्या, "भाऊ, तुमी म्हणता केस नको. माह्या पोरानं रात्री दोन वाजता टीव्ही फोडला, तं मी कोणाले फोन करू? एकशे बाराले करते. पोलीस येते. तुमी येसान का?"

मी काही बोललो नाही. त्याच पुढं म्हणाल्या, "तो आत होता तवा मी झोपली. खरं सांगते, तेवढेच दिवस झोपली."

मुलगा नुसता गांजा घेत नव्हता. झोपेच्या गोळ्या, आणि हाती येईल ते. ज्याच्याकडे पुडी, त्याच्याकडेच गोळ्या. हॉलंडनं १९७६ मध्ये कायदा बदलला तो नेमका यासाठी, की गांजा घेणारा आणि हेरॉइन विकणारा यांची गाठच पडू नये. हे मला पाठ होतं, पण त्या बाईंसमोर हॉलंड काढणं मला बरं वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं, की ताई, केस नसती तर तो सुधारला असता असं मी सांगणार नाही. पण तो सुटून आला तेव्हा बरा होऊन आला का? त्या म्हणाल्या, "नाई. आणखी दोघं सोबत घेऊन आला." आणि थोड्या वेळानं, "मंग दवाखान्याचं पाहा ना आधी."

त्यानंतर मी अशा कितीतरी घरांत हाच प्रश्न उलटून विचारला: पोलिसांशिवाय कोणाकडे जाता? मेयो आणि मेडिकल या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण नाव 'मेंटल', म्हणून तिकडे जायला लोक घाबरतात. ओपीडी सकाळची, आणि ज्याला न्यायचं तो तेव्हा झोपलेला असतो. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन बहुतेकांनी माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. रात्री-बेरात्री, फुकट आणि जवळ उघडं असलेलं एकच सरकारी दार म्हणजे पोलीस ठाणं. आया केस होऊ देतात ती मुलगा गुन्हेगार वाटतो म्हणून नाही. दुसरीकडे कोणी घेतच नाही म्हणून. आणि वस्तीतला दवाखाना हा विषय तर महापालिकेचा आहे. नागरी आरोग्य केंद्रं तिची, इमारती तिच्या. संध्याकाळी सहा ते दहा एक समुपदेशक बसवायला संसदेची परवानगी लागत नाही. दुसऱ्या छपाईत मी पत्रकातल्या ओळींचा क्रम बदलला. दवाखाना वर, परवाना त्याखाली.

सगळ्यात कठीण वाद घरातच झाला. माझी मावशी चंद्रपूर जिल्ह्यातली, मूल तालुक्यातली. दारूबंदीच्या मोर्च्यात चाललेली बाई. २०१५ मध्ये चंद्रपुरात बंदी झाली तेव्हा तिनं पेढे वाटले होते. माझं पत्रक पाहून तिनं फोनच ठेवून दिला. मतदानाच्या आधी भेटायला आली तेव्हा मी विचारलं, बंदीनंतर काय झालं? तिनं लपवलं नाही. पहिले काही महिने गावात रात्री शांत होत्या. मग दारू घरपोच यायला लागली, दुप्पट भावानं, आणि पोचवायला शाळेतली पोरं. २०२१ मध्ये सरकारनं बंदी उठवली. "तरी मी पुन्हा मोर्च्यात जाईन," ती म्हणाली, "कारण ते पहिले काही महिने मी पाहिले आहेत." तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही. वर्धा १९७४ पासून कोरडा जिल्हा आहे, गडचिरोली १९९३ पासून. विदर्भाइतका बंदीचा अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला नाही. माझा त्यातून निघालेला अर्थ वेगळा आहे: बंदीनं विकणारा बदलतो, पिणारा तिथंच राहतो. पण नुसतं मोकळं सोडूनही चालत नाही. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, नीट नियम नसताना. गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये त्यांना पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आणावी लागली. म्हणून मी शेवटपर्यंत 'परवाना आणि वय' हे दोन शब्द सोडले नाहीत. एकवीसच्या आतल्या पोराला गांजा मिळू नये, याबाबत मावशीचं आणि माझं एकच मत आहे. ज्यांचं डोकं अजून घडतं आहे, किंवा ज्यांच्या घराण्यात मनाचे आजार आहेत, त्यांना गांजा खरोखर बाधतो. आज पुडीवाला वय विचारत नाही. परवान्याच्या दुकानदाराला विचारावं लागेल.

मी हरलो. अनामत रक्कमही गेली. पण मतमोजणीच्या ठिकाणी एका मोठ्या पक्षाच्या पोलिंग एजंटनं मला बाजूला घेतलं. त्याच्या भावावर कलम २७ ची केस आहे, आणि पुढं काय करायचं ते त्याला विचारायचं होतं. तो माझ्याविरुद्ध महिनाभर प्रचार करत होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही चहा घेतला आणि मी त्याला कलम ६४-अ समजावून सांगितलं.

ते इथंही सांगतो, कारण वर्षानुवर्षं जामिनाचे अर्ज टाइप करताना हे कलम माझ्या टेबलावर फार क्वचित आलं. एनडीपीएस कायद्यातच सोय आहे: जो व्यसनी आहे, ज्याच्यावर कलम २७ चा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, आणि जो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार आहे, त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. दोन्ही आजच्याच कायद्यात आहेत.

आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या नगरसेविकाबाईंना मी निवेदन दिलं आहे. आरोग्य केंद्रात संध्याकाळचा समुपदेशक, आणि अल्प प्रमाणाच्या प्रकरणांत खटल्याऐवजी उपचार व्हावेत अशी केंद्राला शिफारस करणारा ठराव. पहिल्याबद्दल त्या 'करू' म्हणाल्या. दुसऱ्याबद्दल पक्षाला विचारावं लागेल म्हणाल्या. ठरावाचा मसुदा मी टाइप करून सोबत जोडला आहे. दोन्हींचं काय होतं, ते मी विचारत राहणार आहे.

नागपुरात कोणावर असा खटला चालू असेल आणि उपचाराची तयारी असेल, तर कलम ६४-अ च्या अर्जाचा नमुना माझ्याकडे तयार आहे. तो टाइप करायचे मी पैसे घेत नाही. दोषारोपपत्राची झेरॉक्स आणि आधार घेऊन यावं, आपल्या वकिलाला आधी दाखवावं, वकील नसेल तर मोफत वकील मिळवून देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयातच आहे. चारनंतर आलात तर गर्दी कमी असते.